पेटतं पाणी

धर्मापुरीच्या देवळामागं त्या गुरुवारी नुसती रेटारेटी चालली होती. बारवेवर बसवलेल्या लोखंडी पंपाला मुंजाजीबुवानं तांब्याच्या कलशातून अभिषेक घातला, "आई, पाण्याची ज्योत कर!" अशी आरोळी ठोकली आणि दांडा मारला. पहिली धार त्यानं पणतीत धरली, वात टेकवली, काडी ओढली. पणती भडकली. माणसं धडाधड पाया पडली.

मी तिथला शाळामास्तर. निजामाच्या राज्यातल्या आमच्या गावानं पंप असा पहिल्यांदाच पाहिला होता. मला खटकत होता तो बुवानं पंपाभोवती जाळलेला ऊद. डोळे चुरचुरेपर्यंत धूर! एवढा ऊद कशाला? कसला वास दडपायचा होता?

सुंदरबाईची तीन वर्षांची नात आठ दिवस तापानं फणफणली होती. बुवानं पहिल्या धारेतलं दोन पळ्या पाणी तिला पाजलं. "हे पाणी तापाला आतून जाळतं, बाई!"

ताप राहिला बाजूला, पोर खोकून खोकून निळी पडली. मीच बैलगाडी जुंपून तिला परळीला नेलं. डॉक्टरांनी तिचं तोंड हुंगलं आणि ते संतापले. "हिला घासलेट कुणी पाजलं?"

पोर कशीबशी वाचली. पण बारवेच्या पाण्यात घासलेट आलं कुठून? मी सिरसाळ्याच्या कासम मिस्त्रीला गाठलं. पुढच्या गुरुवारी तो आला, गर्दीतून वाट काढत पंपाजवळ गेला आणि दांड्याच्या सांध्यावरून त्यानं बोट फिरवलं.

"मास्तर, हा सांधा माझ्या हातचा हाय. आमच्या कापसाच्या जिनिंगमधी इंजिनासाठी पिपातलं घासलेट उपसायचा ह्यो. भंगारात गेलता."

"म्हणजे आत अजून घासलेट उरलंय?"

"न्हाई हो, ते कवाच संपलं. पण कोरडा पंप पाणी वढत न्हाई. आधी वरून कायतरी वतावं लागतंय. आन् जे वतलं, तेच पहिल्या धारेत भाईर येतंय."

आम्ही दोघांनी एकदमच बुवाच्या कलशाकडं पाहिलं.

कासम पुढं झाला. "महाराज, आज अभिषेक बारवेच्याच पाण्यानं करा की."

"तू कोण बे? देवीच्या कामात हात घालतूस?"

"घालू द्या!" सुंदरबाई गर्दीतून ओरडली. "माजी नात मरता मरता वाचली हाय."

तिनं स्वतः बारवेत उतरून घागर भरून आणली आणि पंपात ओतली. कासमनं दांडा मारला. धार पणतीत धरली, काडी लावली. चर्र! काडी विझली. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच. मग मी बुवाचा कलश उचलला आणि कोरड्या पणतीत चमचाभर ओतलं. नवी वात टेकवून काडी जवळ नेताच भडका उडाला. घासलेटाचा वास आता लपायला तयार नव्हता.

"देवी कोपली!" बुवा म्हणाला.

"देवी न्हाई, मी कोपलेय," सुंदरबाई म्हणाली, आणि बुवा वहाणा टाकून पळाला.

बाबांनो, पंपाला देव कळत नाही आणि भक्तही कळत नाही. त्यात जे ओताल ते तो बाहेर टाकतो. म्हणून हात जोडण्याआधी एवढंच विचारा: आत काय ओतलं? कुणी ओतलं? आणि लेकरू आजारी पडलं, तर त्याला आधी डॉक्टरकडं न्या.