फ्रिजमधलं वाण

सासूबाईंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चक्क माझ्या गर्भनिरोधक रिंगा वाटल्या! योनीत बसवायच्या त्या लवचीक रिंगा मी केमिस्टच्या सांगण्यावरून फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. चकचकीत पाकिटं पाहून सासूबाईंना वाटलं, चेहऱ्याचा लेप असेल. वाण कमी पडलं, तशी ती पाकिटं तीन शेजारणींच्या हातात पडली.

"अहो आई, वरचं नाव तरी वाचायचं!"

"हळदीकुंकू काय चष्मा लावून करतात?" त्यांनी उलट मलाच झापलं.

दुसऱ्या दिवशी मी फणफणत, हसू दाबत सोसायटीभर फिरले. दोघींनी लाजत लाजत पाकिटं परत दिली. तिसऱ्या रुपालीताई, तीन पोरांच्या आई, दार अडवून उभ्या राहिल्या.

"वाण कधी परत मागतात का गं?"

"अहो, पण ते काय आहे माहितीय का?"

"वाचलंय सगळं. डॉक्टरांनाही विचारून आले." मग घरात एक नजर टाकून त्या हळूच म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी उपयोगाचं वाण दिलंय. बाकीच्यांनी नुसत्या प्लास्टिकच्या चाळण्या दिल्या."