सौसनचा लाल रंग

समोरच्या इमारतीत सौसन राहायला आली आणि नाझिकला जेवण गोड लागेनासं झालं.

सौसन पन्नाशीची. नवरा कुवेतला वारला तेव्हा ती लेबनॉनला, आपल्या माहेरच्या त्रिपोलीत परतली. गल्लीतल्या बाकीच्या विधवा रंगांकडे पाठ फिरवून बसलेल्या, आणि ही बाई कचऱ्याची बादली घेऊन खाली उतरली तरी ओठ लालभडक. डोळ्यांत काजळ नाही, गालांना काही नाही, नुसते ओठ. भाजीवाला तिला आधी वांगी निवडू द्यायचा. नाझिक त्याच्याकडून लग्न झाल्यापासून भाजी घेत होती, पण तिला त्याने कधी वांग्याला हात लावू दिला नव्हता.

हेही तिने गिळलं असतं. पण तिच्या नवऱ्याचं, रफअतचं, मनोऱ्याच्या चौकात घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. एकदा तो जेवताना म्हणाला, "ती समोरची सौसनबाई आली होती. नवऱ्याचं घड्याळ बंद पडलंय म्हणे. तो लाल रंग काय शोभतो गं तिला."

"कुठला लाल रंग?"

"ओठांचा."

"माझं नाही बाई लक्ष गेलं," नाझिक म्हणाली आणि मसुराच्या भातावर नको इतका कांदा वाढला. तो मनात काही न ठेवता बोलला होता, तेच तिला जास्त झोंबलं. मनात काही असतं तर भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिने बाजारातून सगळ्यांत लाल दिसली ती लिपस्टिक उचलून आणली. गच्चीवरचे कपडे काढून आणेपर्यंत वरच्या ओठाच्या बारीक सुरकुत्यांतून रंग नाकाकडे चढला होता. रफअत घरी आला, तिच्याकडे बघून म्हणाला, "तुती खाल्लीस का? तोंड पूस, बाहीला लागेल."

तिने ऑलिव्हच्या तेलाने तोंड खसाखसा पुसलं. रंग गेला, पण ओठांभोवतीची लाली राहिलीच, कुणी थोबाडीत मारल्यासारखी.

मग ती स्वयंपाकघराच्या खिडकीच्या झडपेआडून समोरच्या जिन्यावर नजर ठेवू लागली. घड्याळ दुरुस्त झालं, मग पट्टा बदलायचा निघाला, मग काचेवर ओरखडा दिसला. एका दुपारी नाझिक डबा घेऊन दुकानात गेली, तर सौसन स्टुलावर बसून कॉफी पीत होती. दुकानात कप दोनच, एक रफअतचा आणि एक नाझिकचा. नाझिकच्या कपाच्या कडेवर लाल चंद्रकोर उमटली होती.

नाझिकने डबा ठेवला, सलाम केला आणि बाहेर पडली. वाटेत तिने वाक्य तयार केलं, 'बाई, गावात घड्याळवाले आणखी आहेत.' सौसन घरी परतल्याचं झडपेतून दिसताच ती जिना उतरली, समोरचा चढली आणि दार ठोठावलं.

"या उम्म बिलाल," सौसन म्हणाली. अबू धाबीला नोकरीला असलेल्या मुलाच्या नावावरून गल्ली नाझिकला अशीच, 'बिलालची आई' म्हणून, हाक मारायची. "त्या दिवशी गच्चीवर बघितलं तुम्हाला. तुमचं काही चुकलं नव्हतं हो, हात बसलेला नव्हता इतकंच. या, दाखवते."

वाक्य नाझिकच्या घशातच राहिलं. ती आत जाऊन बसली.

सौसनने साखर मधात कालवून तिचे ओठ हलक्या हाताने चोळले, पुसले. मग पेन्सिलीने कड आखली. "कडेच्या बाहेर जायचं नाही. हाव केली की विदूषक होतो." मग ब्रशने मधून कडेकडे रंग, वर पातळ कागद टिपायचा, पावडरचा हात फिरवायचा, पुन्हा रंग. "आता बोट तोंडात घाला, ओठ मिटा आणि बोट बाहेर ओढा. बघा, दातांना लागणार होतं ते बोटावर आलं. आणि हे काजळ पुसा. डोळे आणि ओठ दोघांनी एकदम बोलायचं नाही."

"पण तुम्ही रोज कशाला लावता?" नाझिकने विचारलं. आवाज तिला वाटला त्याहून कडक निघाला.

"विधवेच्या डोक्यावरून बोलतात लोक, उम्म बिलाल. हा रंग लावला की माझ्या तोंडाकडे बघून बोलतात."

आरशातला चेहरा सुंदर होता. नाझिकने आभार मानले, आणि मानले म्हणून स्वतःवरच चिडली.

संध्याकाळी रफअत दारातच थबकला. "अगं, क्षणभर मला वाटलं सौसनबाईच बसल्यात," तो खूश होऊन म्हणाला.

नाझिक उठली आणि नळाखाली तोंड धरलं.

त्याच आठवड्यात ती पुन्हा बाजारात गेली. या वेळी तिने घाई केली नाही. दुकानातल्या मुलीला एकेक रंग मनगटावर ओढायला लावला आणि दर वेळी दाराशी उन्हात जाऊन बघितला. सौसनच्या लालमध्ये निळी झाक होती. नाझिकच्या गव्हाळ हातावर ती परकी वाटे. शेवटी डाळिंबाच्या सुकत्या सालीसारखा विटकरी लाल सापडला.

शुक्रवारी दोघं बंदरावर फिरायला गेली. रफअतने भाजलेल्या कणसांचे पैसे दिले आणि कणसं गाडीवरच विसरून चालू लागला. विक्रेत्याने हाक मारली तेव्हा ओशाळून म्हणाला, "तू आज वेगळी दिसतेस."

"कुणासारखी?"

त्याने खरंच विचार केला. "कुणासारखी नाही."

तेवढ्यात समोरून सौसन आली. तिची नजर नाझिकच्या ओठांवर अडकली आणि हसू जरासं आखडलं. "हा माझ्याकडचा नाही. कुठला घेतलात?"

"नाव नाही बघा लक्षात," नाझिक म्हणाली. नाव तिला पाठ होतं.

"दुकान तरी सांगा."

"इथे नाही मिळत. बिलालने पाठवला, अबू धाबीहून."

रफअतने तोंड उघडलं. नाझिकने त्याच्या हाताला चिमटा काढला. सौसन "छान आहे हं," म्हणाली, पण जागची हलली नाही. दोघं पुढे गेली तरी तिची नजर पाठीवर आहे, हे नाझिकला मागे न वळता कळत होतं, आणि किती तरी दिवसांनी तिला भूक लागली होती.

"बिलालने कधी पाठवला?" रफअतने हळूच विचारलं.

"कणीस खा," ती म्हणाली. "गार होतंय."