वेदीवरची उपडी होडी

फादरांना शहरात परत जायचं होतं. त्यासाठी तळ्याकाठचं हे चॅपल तेवढं बंद पडायला हवं होतं, आणि ते चालू ठेवायचं की नाही, हे पाहायलाच रविवारी बिशप येणार होते. एका सरीत छप्पर गळलं की काम फत्ते. देवाकडे असलं काही मागता येत नाही, म्हणून फादर नुसतेच आभाळाकडे बघत.

छप्पर म्हणजे पालथी घातलेली होडी होती. चॅपल उभारायचं ठरलं तेव्हा वस्तीत घर बांधणारा औषधालाही नव्हता. होड्या बांधणारे मात्र पैशाला पासरी. त्यांनी येत होतं ते केलं. पलीकडच्या काठावर भलीथोरली होडी बांधली, वल्हवत आणली आणि भिंतींवर उपडी टाकली. सवयीने तळाला पाणी काढायचं भोकही पाडलं होतं, ते नेमकं वेदीच्या डोक्यावर आलं. त्यात बूच ठोकून मंडळी प्रार्थनेला बसली.

शनिवारी फादर बाहेर येऊन बघतात, तर तळ्यापासून छपरापर्यंत माणसांची रांग, आणि हातोहात बादल्या चाललेल्या. शिडीच्या टोकाला होड्या बांधणारी मावशी छपरावर पाणी ओतत होती.

"अहो मावशी, गळू नये म्हणून पाणी ओतताय?"

"मग काय तेल ओतू? लाकूड सुकलं की फळ्यांत फटी पडतात. भिजलं की फुगून मिटतात. तुमच्या शहरात होड्या नसतील."

"बसगाड्या असतात."

"त्या गळत नाहीत?"

"गळतात की."

"मग बघत काय उभे राहिलात? धरा बादली!"

फादरांनी धरली. एकच, असं स्वतःला बजावून धरली. दुपारपर्यंत त्यांचा झगा पिळायला दोन माणसं लागली. वर जाणाऱ्या प्रत्येक बादलीबरोबर शहर लांब चाललंय, हे त्यांना चांगलंच कळत होतं.

रविवारी बिशपांचं प्रवचन रंगात आलं आणि पाऊसही. फादरांनी मान वर केली. वाकवलेल्या फळ्या एकमेकींना अशा बिलगल्या होत्या की आता यांना पाऊस तरी काय करणार! थेंबसुद्धा पडला नाही.

"हे आपोआप टिकतं?" बाहेर पडताना बिशपांनी विचारलं.

"छे. दर उन्हाळ्यात फटी पडतात," फादर म्हणाले. खरं तर इथेच थांबता आलं असतं. "मग सगळे मिळून भिजवतात. आम्ही."

बिशपांनी त्यांच्या हातांवरचे फोड पाहिले. "शहरातली जागा उद्या भरायची आहे."

"भरा," असं कोणीतरी म्हणालं. कोण ते बघायला फादरांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.