झोपलेल्या गोळ्या

शेजारच्या हन्नाच्या घराची कौलं उतरवली होती, म्हणून त्या रविवारी तिने आपला लॅपटॉप आमच्या ओटीवरच्या टेबलावर मांडला. माझी पुस्तकं बाजूला सरकली. मी ती सरकू दिली. रोह्याच्या आमच्या आळीत माझ्याकडून पुस्तकं नेणारी आणि वाचून परत आणणारी ती एकटीच. तिचे वडील सॅमसन सोडले, तर घरचे सगळे इस्रायलला गेलेले. पेणच्या एका छोट्या कंपनीत ती कामाला लागली होती, पण अजून पक्की नव्हती. सोमवारी मालकाला काम दाखवायचं. जमलं तर नोकरी, नाही तर तिकडे इस्रायलमध्ये, अश्दोदला आत्याकडे. आत्या तिकिटाचं विचारूही लागली होती.

ते काम तिने मला दोनदा समजावलं. कळलं असावं. डोलवीकडच्या कारखान्यात कच्च्या लोखंडाच्या गोळ्या एका भल्यामोठ्या नरसाळ्यातून खाली सोडतात. त्या कुठे अडतील, हे आधी कॉम्प्युटरवर पाहायचं. त्यासाठी प्रत्येक गोळीला क्षणोक्षणी विचारायचं, तू कुठे आहेस, तुला कोण ढकलतंय. गोळ्या लाखभर. या गतीने उत्तर यायला गुरुवार उजाडला असता.

"पण आबा, निम्म्याहून जास्त गोळ्या नुसत्या पडून आहेत," ती म्हणाली. "त्यांना काय विचारायचं? थांबली ती झोपली. तिला हिशेबातून वगळायची."

मला यातलं समजत नाही, पण ऐकायला बरं वाटतं, असं मी म्हणालो. तिने तसं लिहून काढलं आणि पडद्यावर नरसाळ्याचं तोंड उघडलं. तळच्या गोळ्या भराभर खाली गेल्या. वरचा अख्खा ढीग मात्र हवेत तसाच राहिला, खाली काही नसताना, ढिम्म.

मला हसू आवरेना. मी मोठ्याने हसलो की घरात काळजी करतात, त्यामुळे घर सांभाळणारी आमची इंदुबाई चहा घेऊनच बाहेर आली. पडद्याकडे पाहून म्हणाली, यांना पडायचं ठाऊक नाही काय? हन्ना ओशाळून म्हणाली, झोपल्यात त्या.

झोपेचा विषय इंदुबाईपुढे काढायला नको होता. आमच्या ग्रामदैवताची, धावीर महाराजांची पालखी दसऱ्यानंतर गावभर दारोदारी फिरते, आणि आमच्याकडे पोचते ती पहाटे. तोवर जागत कोण बसणार? म्हणून आमच्या आळीत एक रीत आहे. पालखी शेजारच्या दारात आली की शेजाऱ्याने मधल्या भिंतीवर थाप मारायची, मग पुढच्याने उठायचं. गेल्या वर्षी आमची थाप हन्नाकडे होती. ती पालखी बघण्यात रंगली आणि विसरली. महाराज आमच्या बंद दारावरून पुढे गेले, आणि इंदुबाई विस्कटल्या केसांनी ओवाळणीचं ताट घेऊन दोन घरं पालखीमागे धावली.

"झोपवाया सगल्यांना येतं गो," ती आता म्हणाली. "उठवायचं कोनी? आमाला तरी उठवलंस?"

 हन्ना हातातला कप माझ्या पुस्तकावर ठेवून टाइप करायला लागली. प्रत्येक गोळीच्या शेजारी आता भिंत होती म्हणे: शेजारीण हलली की थाप, थाप पडली की जाग.

पुन्हा तोंड उघडलं. झोपलेल्या गोळ्या राखाडी, जाग्या लाल. लाली तळातून वर सरकत गेली, आळीमागून आळी उठावी तशी, आणि ढीग धो धो कोसळला. ज्या कोपऱ्यात कोणी हललं नाही तिथे झोप चालूच. इंदुबाई एकेका गोळीला 'उठ गो, उठ' म्हणत होती. आम्ही तिघं तेच पुन्हा पुन्हा पाहून खिदळत होतो.

मग मला राहवेना. उत्तर लवकर आलं खरं, पण ते बरोबर कशावरून? विचारल्यावर वाटलं, गप्प बसलो असतो तर बरं होतं. हन्नाने एक लहानसा ढीग दोन्ही तऱ्हांनी चालवला, एकदा सगळ्या गोळ्या जाग्या ठेवून, एकदा निजवून-उठवून. उत्तर एकच आलं. मोठ्या नरसाळ्याचं उत्तर दिवेलागणीच्या आत हातात होतं.

सोमवारी संध्याकाळी ती पेणच्या एसटीतून उतरली ती थेट आमच्याकडे. नोकरी पक्की. आत्याला फोन तिने आमच्या ओटीवरूनच केला, आणि नवीन पुस्तक मागून नेलं.

यंदा पालखीच्या पहाटे भिंतीवर अशी थाप पडली की फडताळातली पुस्तकं खाली आली. इंदुबाईने ताट उचलून दार उघडलं, तर आळी रिकामी. ढोल कुठेतरी लांब वाजत होते, आणि हन्ना पायरीवर उभी.

"अजून पलीकडचं घर हललं नाय," इंदुबाई म्हणाली. "शेजारीन हलल्याबिगर उठवायचं नाय, तूच लिवलंस ना?"

"लिवलं," हन्ना म्हणाली. "पण तुम्हाला झोपलेलं ठेवायची छाती नाय माझी."