देवळीपुढची टाइल

चुडाव्याच्या नागप्पानं चाळीस वर्षं लोकांच्या घरी शहाबादी फरशी बसवली. एकही पोकळ निघाली न्हाई, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. आता हात थरथरायचा, म्हणून घरच्या सैपाकघरात टाइल्स सून ईश्वरी बसवत होती अन् हा खुर्चीवरून तोंड चालवत होता.

"भिंतीला धरून सुरू करू नको, भिंत वाकडी हाय! मधोमध दोरी मार. आधी कोरड्याच मांडून बघ. कापलेले तुकडे ओट्याखाली गेले पायजेत, दारात न्हाई."

ईश्वरीनं टाइल्स बादलीत बुडवल्या, बुडबुडे थांबल्यावरच काढल्या. सिमेंटचा माल पसरून एकेक ठोकून बसवली, मधी काड्या ठेवून सांधे सारखे राखले. पोरगी लय नेटकी! पण सासू चन्नबसम्माला पटेल तर ना. "एक जरी पोकळ वाजली तर पूर्णेचा मिस्त्री आणून सगळं उखडीन," असं तिनं सुनेला बजावलं होतं.

ईश्वरी पाणी आणायला गेली तेवढ्यात नागप्पा उठला. देवाच्या देवळीपुढची ओली टाइल उचलून त्यानं खाली अख्खी सुपारी ठेवली अन् टाइल परत दाबली. गावोगाव त्यानं देवापुढच्या फरशीखाली शकुनाची सुपारी ठेवली होती. आपल्याच घरी विसरायची म्हंजे काय! पण शहाबादीखाली चार बोटं माल असतो, इथं जेमतेम बोटभर, टाइल सुपारीवरच अधांतरी राहणार. एवढ्या जुन्या मिस्त्रीला एवढं सुचू नये, बघा!

तिसऱ्या दिवशी चन्नबसम्मा थापीच्या मुठीनं टाइल्स वाजवत निघाली. ठक, ठक, ठक. देवळीपुढं आली अन् डब्ब!

"झालं! लावा पूर्णेला फोन."

ईश्वरीचे डोळे भरले. "आत्या, माझंच चुकलं. माल कमी पडला आसंल."

नागप्पाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप बसावं असंही क्षणभर वाटलं. मग तो उठलाच.

"पोरीला बोलू नको. माल बराबर होता. खाली सुपारी हाय, म्या ठेवलेली."

"चाळीस वर्सांत एक पोकळ न्हाई म्हणायलतात ना?"

"आता एक झाली."

ईश्वरीनं ती एक टाइल काढली. सासूनं खालची सुपारी धुतली, अडकित्त्यानं बारीक कातरली अन् सुनेच्या हातावर ठेवली.

"घे, मालात कालव अन् बसव. अन् तुमी," ती नवऱ्याकडं वळली, "माल वाळंस्तोवर खुर्चीवरून हलायचं न्हाई."