मला गिळणाऱ्यांनो, ऐका

मी स्टॅक ट्रेस बोलतोय. जावा या संगणकी भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम अडखळला की माझा जन्म होतो. प्रोग्रॅमच्या कुठल्या भागानं कुठल्या भागाला बोलावलं आणि शेवटी कुठल्या ओळीवर पाय घसरला, ते मी सांगतो. कुणाची भीड ठेवत नाही, म्हणून नावडता आहे.

माझं घर घोडेगावाजवळच्या एका दूध केंद्राच्या वेब ॲपमध्ये. ते लिहिलं नगरच्या सावेडीतल्या करणनं. चूक झाली की मला पकडायचं आणि कुठंही न लिहिता तिथंच गिळून टाकायचं, ही त्याची रीत. वर पडद्यावर हिरवी अक्षरं, 'नोंद झाली'. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

केंद्रावर दूध घ्यायच्या सत्यशीलाबाई. गाय व्याली की त्या घरचं दूध काही दिवस केंद्रावर येत नाही, चीक शेजारीपाजारी वाटतात. अशा नावापुढं बाई शून्य टाकायच्या. सरासरी काढताना प्रोग्रॅम त्या शून्यानं भागायला जायचा, कोसळायचा आणि यादीतल्या पुढच्या सगळ्या घरांच्या नोंदी गळायच्या. बाईच नोंदी खाते, असं लोक बोलू लागले. दूध संस्थेचे चेअरमन आप्पासाहेब यांनी बाईंकडून केंद्र काढून घ्यायचं ठरवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि मला मात्र बोलायची बंदी. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

नोंदी गळत असल्याची तक्रार आली करणच्या हाताखालच्या रोहिणीकडे. तिनं मला गिळायच्या जागी चार ओळी लिहिल्या. आधी मला स्ट्रिंगरायटरमध्ये, म्हणजे अक्षरं गोळा करणाऱ्या भांड्यात उतरवलं, मग लॉगच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या रोजनिशीच्या फाईलमध्ये. आयुष्यात पहिल्यांदा मी मजकूर झालो. सगळं ओकलो, करणच्या ओळीच्या नंबरासकट.

झाकली मूठ राहू दे, पुसून टाक, असं करणनं तिला बजावलं. ती माझी प्रत घेऊन थेट केंद्रावर गेली. आप्पासाहेबांसमोर तिनं एका नावापुढं शून्य टाकलं. 'नोंद झाली' उमटलं, पण पुढची घरं गायब. मग तिनं माझी एकेक ओळ समजावून दिली.

आप्पासाहेब ओशाळून म्हणाले, "मंग बाई, ते शून्य टाकूच नका."

"टाकनार," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "नावापुढं रिकामं ठिवलं तर मानूस गेल्यावानी वाटतं. गाय व्यालीय, घर बुडालं न्हाई. तुमचं मशिन नीट करा."

मशिन नीट झालं. केंद्र बाईंकडेच राहिलं.

आता मी जुन्या लॉगमध्ये पडून आहे. फाईल भरली की पुसला जाईन, त्याचं दुःख नाही. पण मला गिळणाऱ्यांनो, मी पुन्हा जन्मेन, तुमच्याच ओळीवर. तेव्हा मला लिहून घ्या. तुमच्या त्या हिरव्या 'नोंद झाली'पायी कुठंतरी एक बाई चोर ठरत असेल.