अर्धा आटा मागे

क्लबाचा इतिहास सांगायचं काम मासोळीनं मागून घेतलं, तेव्हा कमिटीतल्या सगळ्यांना वाटलं, पोरगी किती हौशी! हौस कसली डोंबलाची. वर्धापनदिनाच्या भर सभेत माइक हातात आला की तिला अध्यक्षांना एकच प्रश्न विचारायचा होता: त्या दिवशी पाण्याखाली माझ्या बाबांना तुम्ही काय केलंत?

मासोळी हे क्लबानं ठेवलेलं नाव. पोहायला उतरली की बाहेर निघायचं नाव घेत नाही म्हणून. पण ती क्लबात आली होती ती काही पाण्याच्या प्रेमापोटी नाही. तिचे बाबा आणि त्यांचा जिवलग मित्र, या दोघांनी मिळून हा स्कूबा डायव्हिंगचा क्लब काढला, बंदरामागच्या बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात. मासोळी पहिलीत असताना ते दोघं एका बुडालेल्या बोटीकडे खाली उतरले आणि वर आला तो एकटा मित्र, बाबांचं प्रेत घेऊन. तोच आजचा अध्यक्ष. "खाली गेल्यावर त्यानं छातीला हात लावला, हृदयच बंद पडलं," एवढं त्यानं सांगितलं आणि चौकशीतही तेच टिकलं.

आईनं ते एक दिवसही मानलं नाही. "मी होते ना बोटीवर! माझ्या हातानं तयारी करून दिली त्यांची. वर सगळं ठाकठीक होतं. मग खाली होतं कोण? त्यांचा तो मेला मित्रच ना!" हे ऐकतच मासोळी वाढली. जेवताना, केस विंचरून घेताना, दहावीचा निकाल लागला त्या दिवशीसुद्धा. क्लबात जायचं म्हणाली तेव्हा कुठल्याही आईनं थयथयाट केला असता. हिच्या आईनं पिशवी भरून दिली आणि म्हणाली, "जा. आणि शोधून काढ."

इतिहासाच्या निमित्तानं मासोळी जुन्या सभासदांच्या खनपटीला बसली. जे कळलं त्यानं शंकेची पाल जास्तच चुकचुकायला लागली. पूर्वी सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा आणि मग अर्धा आटा मागे घ्यायचा, म्हणजे तो अडकून बसत नाही, अशी सगळ्यांची पद्धत होती. बाबा गेले त्याच आठवड्यात अध्यक्षांनी ती मोडीत काढली. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद, मधलं काही चालणार नाही, आणि दुसऱ्याच्या व्हॉल्व्हला हात लावणाऱ्यानं क्लबाची पायरी चढायची नाही. त्याच बैठकीत दुसरा नियम झाला, घरच्या माणसांनी बोटीवर यायचं नाही.

आता तुम्हीच सांगा, माणूस जर हृदय बंद पडून गेला, तर व्हॉल्व्हचा नियम कशाला बदलायचा? आणि बायकांना बोटीवरून कशाला हाकलायचं? डोळे असलेलं कुणी नको होतं का?

मासोळी स्वतः नव्या लोकांना शिकवायची, त्यामुळे त्या अर्ध्या आट्यात काय दगा आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. व्हॉल्व्ह आधीच उघडलेला असला आणि कुणी तो चुकीच्या बाजूला फिरवून बंद केला, मग अर्धा आटा मागे घेतला, तर तो फक्त किलकिला उघडा राहतो. बोटीवर काही कळत नाही. हवा येते, दाबाचा काटाही सिलिंडर भरलेला दाखवतो. खोलात गेल्यावर मात्र श्वास ओढला तरी पुरत नाही. आणि हे करायला जवळचाच माणूस लागतो. अध्यक्षांनीच केलं असणार! मासोळीची आता खात्री पटली होती.

वर्धापनदिनाला पोरापोरांनी कंप्रेसरच्या खोलीशेजारी जुन्या सामानाचं प्रदर्शन मांडलं. अध्यक्षांच्या कपाटाचं कुलूप बिघडलेलं होतं, त्यातून बाबांचं पिवळं सिलिंडर काढून मधोमध उभं केलं. रिकामं आहे हे दिसावं म्हणून व्हॉल्व्ह उघडाच ठेवला होता. अध्यक्ष आले, त्यांनी ते पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"हे कुणी काढलं? आत ठेवा आधी!"

"का काका? इतिहासच आहे ना तो?" मासोळी गोड आवाजात म्हणाली. मनात म्हणाली, सापडलास.

तेवढ्यात आई आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती क्लबात पाऊल टाकत होती, ठेवणीतली साडी नेसून, खास आजचा तमाशा बघायला. सिलिंडर दिसल्यावर मात्र ती सगळं विसरली आणि पदरानं त्याच्यावरची धूळ पुसत बसली. एका नव्या सभासद मुलीनं विचारलं, "काकू, तुम्हाला यातलं कळतं?"

"न कळायला काय झालं? ह्यांनी शिकवलं होतं मला सगळं." आई खुलली. "एरवी ते स्वतःच करायचे. शेवटच्या दिवशी पायात फिन्स चढवत होते, मला म्हणाले, व्हॉल्व्ह बघ गं जरा. मग मी केलं. हे बघ, असं."

तिनं व्हॉल्व्ह धरला. पाण्याचा नळ बंद करतात त्या बाजूला फिरवत नेला, घट्ट लागेपर्यंत. मग जपून, अर्धा आटा मागे.

"झालं. एवढी शेवटची सेवा माझ्या हातून घडली बघ," आई म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. ती नवी मुलगी बिचारी मान हलवत होती. तिला अजून कुठली बाजू कशाची तेसुद्धा माहीत नव्हतं.

मासोळी आईच्या हाताकडे बघत राहिली. बाबांनी व्हॉल्व्ह आधीच उघडला होता. "बघ" म्हणजे फक्त बघ. हिनं तो बंद केला होता.

अध्यक्ष गर्दीतून जवळजवळ धावतच आले. "वहिनी, पुढे बसा ना, खुर्ची ठेवलीय तुमच्यासाठी."

"माझ्याशी बोलायचं नाही!" आई कडाडली. "आज कळेल सगळ्यांना तुम्ही कोण आहात ते."

ती ताडताड चालत पुढच्या रांगेत जाऊन बसली. अध्यक्षांनी व्हॉल्व्ह पुन्हा उघडला आणि मासोळीकडे पाहिलं. तिला सगळं समजलंय हे त्यांनाही समजलं.

"काका, तुम्हाला कधीपासून…"

"खालीच. शोधत मागे फिरलो तेव्हा मी व्हॉल्व्हला हात लावून पाहिला, किलकिलाच होता. बोटीवर त्याला फक्त वहिनींचाच हात लागला होता." त्यांनी पिवळ्या सिलिंडरवर हात ठेवला. "पाणी गढूळ होतं गं. मी पुढे निघून गेलो होतो. ती चूक माझीच आहे. वहिनींना नको सांगूस, तुझ्या पाया पडतो."

तेवढ्यात माइकवरून मासोळीचं नाव पुकारलं गेलं.

ती उभी राहिली. कारखाना, पहिली बोट, पहिला कंप्रेसर, सगळं सांगून झालं. लोक हसले, टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत आई खुर्चीच्या कडेवर बसून तिच्या तोंडाकडे टक लावून होती. विचार, विचार, असं तिचे ओठ म्हणत होते.

"माझे बाबा याच समुद्रात गेले," मासोळी म्हणाली. "खाली असताना त्यांचं हृदय बंद पडलं. अध्यक्षांनी त्यांना एकट्यानं वर आणलं. त्यासाठी आम्ही दोघी त्यांच्या ऋणी आहोत."

आई उठली आणि चालती झाली.

मासोळीनं तिला गोदामांच्या रस्त्यावर गाठलं. ऊन रणरणत होतं. आईनं पिशवी छातीशी धरली होती.

"काय देऊ केलं त्यानं तुला?"

"काही नाही गं आई."

"मी बघितलं. कोपऱ्यात कुजबुजत होतात दोघं. काय म्हणाला तो?"

मासोळीनं आईचा हात धरला. त्या हाताकडे तिच्यानं बघवेना, पण सोडवेनाही.

"म्हणजे तुला कळलंय," आई सावकाश म्हणाली. "त्यांना कुणी मारलं ते तुला कळलंय. आणि तू झाकतेयस! पोटच्या पोरीनं झाकावं?"

मासोळी रडायला लागली. आईनं हात सोडवून घेतला आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं एकटी चालू लागली.